आबांसाठीचं पान

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मी पूर्वी इंटरनेटवर लिहायचे ना, ते आता कुठंच सापडत नाही रे. फुकटातली जागा होती. त्यांनी ती बंदच करून टाकली, सगळं गेलं. लेकीला वाचायला द्यावं म्हणून शोधत होते." आणि मग हसली. "जाऊ दे. तसंही ते कुणी वाचलंच नव्हतं."

मी "हं" म्हणालो. वीसेक वर्षं झाली, हा विषय निघाला की मी "हं" म्हणतो आणि पुढं पाऊसपाण्याचं काहीतरी विचारतो. त्या दिवशी पाऊसपाण्याचंही सुचलं नाही. फोन ठेवला आणि जेवणाच्या ताटावरून उठलो.

ते वाचलं गेलं होतं. दर शनिवारी, आमच्याच ओट्यावर, मोठ्यानं वाचलं गेलं होतं. हे तिला माहीत नाही, कारण मी तिला कळू दिलं नाही.

त्या काळात मी जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत होतो. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या कृषी सेवा केंद्रांवर फिरायचं, कुठल्या वाणाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ते टिपून आणायचं. एका वर्षी कंपनीनं आम्हा फिरतीच्या माणसांना तळहातावर मावेल अशी एकेक डिजिटल डायरी दिली. हिरवट काचेचा पडदा, खाली चार बटणं, कडेला खोचलेली प्लास्टिकची काडी. त्या काडीनं पडद्यावर दाबायचं. शनिवारी दुपारी ऑफिसात आलं की डायरी कॉम्प्युटरशेजारच्या स्टँडवर उभी करायची आणि बटण दाबायचं, की आमचं टिपलेलं सगळं कॉम्प्युटरात जायचं.

कॉम्प्युटर सांभाळणारा ऑपरेटर मोठा हौशी. त्यानं कुठूनसा एक प्रोग्रॅम मिळवला. इंटरनेटवरची पानं उतरवून घेऊन डायरीत भरायचा. पानाचा पत्ता द्यायचा आणि किती पायऱ्या खोल जायचं ते सांगायचं. एक पायरी म्हटलं की तेवढं एक पान. दोन म्हटलं की त्या पानावर ज्या शब्दांखाली रेघ असेल, त्या शब्दांच्या मागं असलेली पानंसुद्धा. एकदा भरलं की मग तार नको, फोन नको, कुठंही उघडा आणि वाचा. "पायऱ्या वाढवल्या की डायरी भरते, साहेब," तो म्हणायचा. "एकच ठेवत जा."

एक पायरी मला पुष्कळ होती. वडीगोद्रीच्या स्टँडवर गाडी येईपर्यंत तासतास जायचा. उसाच्या रसाच्या गाडीशेजारी दगडावर बसून मी त्या चार बोटांच्या काचेवर बातम्या, क्रिकेट, कुठल्याशा देशातल्या लोकांचं जगणं वाचायचो. आता फोनवर वाटेल ते दिसतं, पण तसं वाचणं होत नाही. तेव्हा शनिवारी जे उतरवलं तेवढंच आठवडाभराचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. ते दिवस मला अजून हवेसे वाटतात, आणि त्यांच्याबद्दल बोलायची मला लाज वाटते. दोन्ही एकदमच.

आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडं. घरी आबा आणि आमची आत्या. आई मी आठवीत असताना गेली. त्यानंतर माझं सगळं ताईनं केलं, माझी चार वर्षांनी मोठी बहीण. माझ्या डब्यातली भाकरी तिची, माझ्या सदऱ्याच्या गुंड्या तिनं लावलेल्या. पुढं ती पुण्याला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि नोकरीतल्याच एका मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. ती दोघं बंगळूरला गेली. आबांनी अंगणात उभं राहून एकच वाक्य सांगितलं, "या घरात तिचं नाव कुणी घेयाचं न्हाई." तिची दोन पत्रं आली. दोन्ही आबांनी पोस्टमनच्या हातात तशीच परत दिली. मी दोन्ही वेळा तिथं होतो.

मी शनिवारी संध्याकाळी घरी यायचो, सोमवारी सकाळी परत. आबांचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही निजामाच्या राज्यातलं. उर्दू आणि मराठी वाचायचे, इंग्रजीचं एक अक्षर नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मी ओट्यावर बसून डायरीतलं वाचून दाखवायचो. हवामान, मोसंबीचे भाव.

"कधीचं हाय हे?" आबा विचारायचे.

"आज दुपारी उतरवलंय."

"अन् लिहिलं कवा?"

"काल सकाळी असेल."

"म्हंजी कालचं आभाळ तू आज वाचून राह्यला. ते तर मी काल फुकट बघितलं."

आत्या आतून ओरडायची, "आसू दे की! खिशात आभाळ घालून आणलं लेकरानं, त्याचं कवतिक न्हाई."

असं चाललं होतं. एका शनिवारी ऑफिसात वेळ होता म्हणून मी इंटरनेटवर इंग्रजी अक्षरांत आमच्या गावाकडचं नाव टाकून बघितलं. तेव्हा असं काही शोधलं की चारपाच पानं निघायची. एक सरकारी यादी, एक मोसंबीबद्दल, आणि त्याखाली कुणा बाईनं लिहिलेलं एक पान. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा देवनागरी सगळ्या कॉम्प्युटरवर दिसायची नाही, लोक असंच लिहायचे. कुणाचं नाव नव्हतं. पण तिसऱ्याच ओळीत एक आत्या होती. भाचीचं तिसरीचं पुस्तक वासरानं खाल्लं, तेव्हा ही आत्या म्हणाली होती, "उद्यापासून याला धाडा शाळंत, इद्या याच्या पोटात हाय."

ते पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर खाल्लेलं होतं. मी पान उतरवून घेतलं.

गाडीत तीनदा वाचलं. आबांना वाचून दाखवायचं असं काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ. पण त्या संध्याकाळी हवामान लवकर संपलं आणि आबा म्हणाले, "अजून काय हाय त्यात?"

मी म्हणालो, "एका बाईनं लिहिलंय. आपल्याच बाजूची दिसते."

"वाच."

पुढं ते पान विहिरीबद्दल होतं. तिच्या वडलांनी कमरेला भोपळा बांधून तिला विहिरीत ढकललं, काठावरून सगळे हसत होते, आणि वडील मात्र धोतर आवरून शेवटच्या पायरीवर गळाभर पाण्यात उभे होते, ही बुडाली तर हाताशी असावं म्हणून. मी वाचत होतो आणि आबांकडं बघायचं टाळत होतो. वाचून झालं.

"भोपळा न्हाई," आबा म्हणाले. "पांगऱ्याचं लाकूड व्हतं. भोपळा फुटतो."

आत्या सुपात डाळ निवडत होती. तिचा हात थांबला. "तुला रे काय ठाव, त्या बाईच्या बापानं काय बांधलं व्हतं ते?"

"विहिरीत लेकरू शिकवायचं तर पांगराच बांधतेत. बिलकुल. बाप कुणाचा का असंना."

आत्या सूप घेऊन आत गेली. आबा उठले, गोठ्यापर्यंत जाऊन आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "फुडल्या शनवारी बघ, ती बाई अजून काय लिहिती का."

ती लिहायची. आठवड्याला, कधी पंधरवड्याला. आमच्या घरात "ती बाई" असं एक माणूस राहायला आलं. शनिवारी मी गाडीतून उतरून पाय धुवेपर्यंत आबा ओट्यावर येऊन बसलेले असायचे. हवामान वाचलं तर ऐकायचे, पण मन नसायचं. मग म्हणायचे, "बरं. त्या बाईचं?" मी जल्दी वाचलं की रागवायचे. "तुला काय गाडी गाठायची हाय का? सावकाश." एकदा तिनं आईबद्दल लिहिलं, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. आबा मधूनच उठले आणि बैलांपुढं वैरण टाकून आले. बैलांपुढं वैरण होतीच. परत येऊन म्हणाले, "हां, फुडं."

आत्या एकदा चुलीपाशी मला म्हणाली, "येका शब्दानं बोलत न्हाई, बघ. पर शनवारी दाढी करून बसतो."

आम्ही तिघंही जाणून होतो. कुणी बोलत नव्हतं. तिचं नाव घ्यायचं नाही ही आबांची आण मोडत नव्हती आणि ती घरात येत होती. मला वाटतं, त्या पाचसहा महिन्यांत आमचं घर जितकं भरलेलं होतं तितकं आई गेल्यानंतर कधीच नव्हतं.

आषाढात तिचं एक पान आलं. विषय साधाच होता, श्रावणातल्या खाण्यापिण्याचा. शेवटी एकच शब्द होता, खाली रेघ असलेला. मी वाचण्याच्या ओघात तोही मोठ्यानं वाचला.

"आबांसाठी."

वाचल्यावर जीभ चावली, पण शब्द गेला होता. आबा मांडी बदलून पुढं सरकले. रेघेच्या शब्दावर काडी दाबली की मागचं पान उघडतं, एवढं त्यांना माहीत झालं होतं.

"दाब की मंग."

मी दाबलं. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली, हे पान या डायरीत नाही. पायरी एकच लावलेली होती, त्यामुळं मागचं पान उतरलं नव्हतं. त्या दिवशी हे खरं होतं.

मी समजावून सांगितलं. आबांनी नीट ऐकून घेतलं. "मंग लाव की अजून एक पायरी. त्या मानसाला बराबर सांग. न्हाईतर इसरशील."

विसरलो नाही. बुधवारी फिरतीवर निघण्याआधी ऑपरेटरकडून दोन पायऱ्या करून घेतल्या. पान उतरलं. वडीगोद्रीच्या स्टँडवर, त्याच दगडावर बसून मी ते वाचलं.

"आबा, हे तुमच्यापर्यंत येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. दोन पत्रं परत आली, तिसरं टाकायची हिंमत होत नाही. यंदा पंचमीला मला घरी यायचंय. पण आपल्यात मूळ आल्याशिवाय लेक निघत नाही, हे तुम्हीच सांगायचा. आपल्या पायानं आले तर लोक म्हणतील, हाकलली असेल. भावाला मुराळी म्हणून पाठवा. तो दारात दिसला की मी समजेन. मी एकटीच येईन आणि दोन दिवसांत परत जाईन. नाही पाठवलंत तर पुन्हा विचारणार नाही."

खाली तिचा बंगळूरचा पत्ता होता. माझ्याच हातात पान, आणि मुराळी म्हणून जायचं तेही मलाच. नागपंचमीला सासरच्या लेकीला माहेरचं बोलावणं, म्हणजे मूळ, घेऊन भाऊ आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. तिला भाऊ मी एकटा.

आता जे सांगायचंय ते सरळ सांगतो. ज्येष्ठात माझं लग्न ठरलं होतं. मुलगी बदनापूरकडची. मध्यस्थांनी त्यांना सांगितलं होतं, मुलाला एक बहीण आहे, लांब दिलीय. ते काही खोटं नव्हतं. त्यांनी जास्त विचारलं नाही, आम्ही जास्त सांगितलं नाही. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरायची होती. मुलगी मी एकदाच पाहिली होती. पोह्यांची ताटली माझ्यापुढं ठेवताना तिचा हात जराही हलला नव्हता, आणि तेवढ्यावरून मी मनात कितीतरी संसार केला होता. ताई पंचमीला आली असती तर झोक्यापाशी सगळं गाव जमलं असतं. कुठं दिलीय, कुणाला दिलीय, हे चार दिवसांत बदनापूरला पोचलं असतं. ते लग्न मोडतील अशी मला भीती वाटली.

मी ठरवलं, आपलं लग्न होऊ दे. मग पान दाखवू. दिवाळी आहे, पुढची पंचमी आहे. कुठं जातेय ती.

शनिवारी दुपारी मी ऑपरेटरला पायरी परत एकवर आणायला लावली. तो म्हणाला, "परवाच तर दोन केली." मी म्हणालो, "डायरी भरतेय." दोन पायऱ्यांचं पान पुसलं गेलं. संध्याकाळी आबांनी विचारलं, "उतरलं का रे ते?"

"नाही उतरलं, आबा."

"दाब बरं."

मी त्यांच्यासमोर काडी दाबली, चौकट आली. ती चौकट मी त्यांच्या चांगल्या डोळ्यापुढं धरली. त्यांना ते अक्षर येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला. खोटं बोलणारा नुसतं बोलतो, मी पुरावा दाखवला.

पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. आत्या एकदा म्हणाली, "एवढाल्या ट्रका भरून बियाणं धाडती तुही कंपनी, अन् येक पान उतरंना व्हय?" आबांनी तिलाच गप्प केलं. "तुला त्यातलं काय कळतं? मशीनीचं काम हाय ते. तो काय मुद्दाम करून राह्यला का?"

हे वाक्य मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

पंचमीला आठदहा दिवस होते. सोमवारी सकाळी मी निघायला बाहेर आलो तर आबा अंगणात तयार. धुतलेलं धोतर, कोरी टोपी, हातात पिशवी. पिशवीत मोसंब्या.

"कुठं निघालात?"

"तुझ्यासंगं. जालन्याला. त्या कॉम्प्युटरवाल्याला मीच म्हणतो. तुम्ही पोरं भिडस्त, साहेबाला बोलत न्हाईत. मी हात जोडून सांगतो, बाबा, येवढं येक पान काढून दे. मोसंब्या देतो त्याला."

आबा कुणापुढं हात जोडणाऱ्यांतले नव्हते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "तो रजेवर गेलाय."

"कवा येतो?"

"पंधरा दिवसांनी."

आबांनी मनात हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांनी पंचमी होऊन जात होती. पानात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पण पंचमीच्या तोंडावर लेक बापासाठी काय लिहिणार, हे कळायला पान कशाला लागतं? "बरं," म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली. "तू खाय मंग." टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ओट्यावर बसून राहिले. गाडी वळेपर्यंत मला ते दिसत होते.

पंचमीला मी गावी गेलो. आत्यानं पुरणाचे दिंड केले होते. आबांनी लिंबाला झोका बांधला होता, त्या वयात, स्वतः शिडी लावून. आमच्या घरात झोक्यावर बसायला कुणी नव्हतं. शेजारच्या पोरी आल्या, बसल्या, गाणी म्हटली. आबा तोंड रस्त्याकडं करून बसले होते. दुपारची गाडी आली आणि गेली. दिवस मावळायच्या आत त्यांनी झोका सोडला आणि दोर गुंडाळायला लागले. आत्या म्हणाली, "राहू दे की दोनचार दिस." तर म्हणाले, "भिजून कुजतो दोर. कुणाला बसायचंय आता?"

त्यानंतर त्या पानावर नवीन काही आलं नाही. आबा विचारायचे, "लिहायचं सोडलं काय त्या बाईनं?" मी म्हणायचो, "सोडलेलं दिसतंय." ते म्हणायचे, "आजारी बिजारी न्हाई ना? तुला कळतंय का त्यातून?" मी म्हणायचो, कळत नाही. दसऱ्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. शनिवारी ओट्यावर बसायचे, पण दाढी वाढलेली असायची. मी हवामान वाचायचो.

दिवाळी झाली आणि आबांना झटका आला. जालन्याच्या दवाखान्यात तीन दिवस होते. बोलता येत नव्हतं. मी उशाशी होतो. तेव्हा तरी सांगायचं, कान शाबूत होते. मी त्यांच्या तोंडात पाणी घालत राहिलो आणि आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तिसऱ्या रात्री आबा गेले.

तिला मेल मीच केला. तिच्या पानावरच पत्ता होता. दोन ओळी लिहिल्या. ती तिसऱ्या दिवशी आली, न बोलावता, आपल्या पायानं. आत्या तिच्या गळ्यात पडून रडली. संध्याकाळी ओट्यावर ती माझ्याशेजारी बसली आणि विचारलं, "माझा मेलचा पत्ता तुला कसा मिळाला? तू माझं पान बघितलंस का? आबांना कधी..."

मी म्हणालो, "आत्ताच शोधलं, ताई, कळवायचं म्हणून. इथं कुठलं इंटरनेट?"

ती "हो रे, इथं कुठलं" म्हणाली. आत्या उंबऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. काय समजली, कुणास ठाऊक. तिनं नंतर एवढंच विचारलं, "सांगू का मी तिला?" मी म्हणालो, "कशाला दुखवायचं आता?" आत्या शिकलेली नव्हती. घरातल्या शिकलेल्या माणसाचं ऐकायची तिला सवय होती. ती गप्प राहिली आणि गेल्या वर्षी तशीच गेली.

माझं लग्न वर्षाच्या आत उरकायचं म्हणून माघात झालं. ताई आली होती, नवऱ्याला घेऊन. बदनापूरच्या मंडळींनी तिला साडी दिली, तिच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी दिली, जेवायला आग्रह केला. कुणी एक शब्द बोललं नाही. बाप गेलेल्या घरात कोण काय बोलणार, म्हणून गप्प राहिले की त्यांना मुळातच काही वाटलं नसतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मागच्या महिन्यातल्या त्या फोननंतर मी आधी बायकोला सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझ्यासाठी केलं म्हणता?"

"नाही. माझ्यासाठी."

"मग ठीक. माझं नाव त्यात घालू नका." जरा वेळानं म्हणाली, "एकदा मला निरोप धाडायचा होता. माझ्या वडलांनी मोडलं असतं की नाही, देव जाणे. पण मी काय म्हणाले असते, ते तरी कळलं असतं."

मग ताईला फोन केला. सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं. भोपळ्याचं सांगितलं तेव्हा ती हसली. मोठ्यानं, खूप दिवसांनी हसल्यासारखी. "पांगराच होता," म्हणाली. "माझंच चुकलं." मोसंब्यांच्या पिशवीपाशी आलो तेव्हा मला वाटलं, फोन तुटला.

"ताई?"

"आहे. त्या पानावर मी काय लिहिलं होतं? मला आता शब्द आठवत नाहीत."

पान तर कुठंच नव्हतं. पण मला पाठ होतं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"वाचायला किती वेळ लागला असता रे?"

मी म्हणालो, "दोन मिनिटं."

"तू येशील म्हणून मी शेंगोळे करायचं ठरवलं होतं," ती म्हणाली. "कुळथाचं पीठ तिकडं मिळायचं नाही, एकीकडून मागवून ठेवलं होतं. पंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत मी दाराची बेल वाजली की उठत होते. दूधवाला, पेपरवाला." मग तिचा आवाज बदलला, लहानपणी मला अभ्यासाला बसवायची तसा झाला. "आता एक कर. हे सगळं लिहून काढ. आबा जे जे बोलले ते जसंच्या तसं. स्वतःचं रडगाणं कमी. मी वाचेन की नाही, ते सांगत नाही. माझ्या लेकीला मात्र वाचायला देणार आहे."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर मी तीनदा केला, तिनं उचलला नाही.

म्हणून लिहिलं. आबांची वाक्यं आठवली तशी घातलीत, एकही बदललेलं नाही. त्यांनी त्या सहा महिन्यांत तिचं नाव एकदाही घेतलं नाही, हेही लिहितो, कारण ते खरं आहे. ते "ती बाई" म्हणायचे. पण म्हणण्याआधी जरा थांबायचे, घसा खाकरायचे, आणि मग ते दोन शब्द असे हळू उच्चारायचे की आत्या हातातलं काम थांबवायची. तो आवाज मला कागदावर आणता येत नाही. भाचीला तो कसा कळणार? तिची आई भेटू देईल तेव्हा मी तो तिला म्हणून दाखवीन.